बसण्या-उठण्याचं स्पॅनिश: नवशिक्यांसाठी

रंग, फळं, वार, महिने आणि हॉटेलात खोली मागणं, स्पॅनिशचे पहिले काही महिने एवढ्यातच जातात. मग एखाद्या दिवशी तपासणीच्या टेबलावर डॉक्टर ‘बोका आबाखो’ म्हणतात आणि आपण तोंड उघडून बसतो, कारण ‘बोका’ म्हणजे तोंड एवढंच आपल्याला येत असतं. त्यांना खरं तर आपण पालथं पडायला हवं असतं. उभं, आडवं, उताणं, उकिडवं, पाठमोरं हे शब्द पाठ्यपुस्तकात एका जागी सापडत नाहीत आणि रोज तर लागतात: दवाखान्यात, व्यायामशाळेत, फोटो काढताना, बसमध्ये, मुलांच्या मागे धावताना.

मराठी माणसाला हा भाग सोपा जायला हवा, पण बहुतेकांना अवघड जातो. आपण मराठीतून थेट स्पॅनिशमध्ये न जाता मध्ये इंग्रजीचा थांबा घेतो, हे त्याचं कारण.

जवळ काय ठेवायचं

तीन रकान्यांची वही: मराठी, स्पॅनिश आणि ‘लिंगानुसार बदलतं की नाही’. तिसरा रकाना गाळू नका, निम्म्या चुका तिथेच अडतात. मोबाइलवरचा रेकॉर्डर. एक खुर्ची, एक सतरंजी. शब्दाबद्दल शंका आली तर रेआल आकादेमिया एस्पान्योला या भाषासंस्थेचा कोश इंटरनेटवर फुकट आहे. लॅटिन अमेरिकेतल्या वापरासाठी २०१० साली निघालेला अमेरिकानिझमांचा वेगळा कोशही तसाच पाहता येतो. भाषांतराच्या अ‍ॅपवर मात्र या विषयात भिस्त ठेवू नका. तुमचं मराठी वाक्य ते आतल्या आत इंग्रजीतून फिरवून आणण्याची शक्यता असते, आणि नेमकं तेच आपल्याला टाळायचं आहे.

१. आधी उच्चार बसवा

इथे स्पॅनिश शब्द देवनागरीत दिले आहेत, आणि या भाषेला देवनागरी चांगली मानवते. स्पॅनिश त आणि द दातांवरचे आहेत, आपल्यासारखेच. ‘सेन्तादो’ला ‘सेन्टाडो’ म्हणू नका, ती इंग्रजीची सवय. प, त, क यांच्यात हवा नसते, तेही आपल्यासारखंच. शब्दाच्या सुरुवातीचा र आणि मधला र्र जिभेचा शेंडा थरथरवून म्हणायचा.

काळजी तीन ठिकाणी घ्या. ‘च’ हा चिवड्यातला, चुलीतला नाही. ‘आबाखो’मधला ख आपला ख नव्हे, तो घशातून खरवडून काढायचा, कॅरिबियन भागात तो मऊ होऊन ‘ह’सारखा ऐकू येतो. आणि ‘रोदीयास’मधला य ब्वेनोस आयरेसच्या माणसाकडून ‘श’ असा ऐकू येईल: रोदीशास. शब्द तोच.

आघात बहुतेक वेळा शेवटून दुसऱ्या अक्षरावर पडतो: सेन्‘ता’दो. अपवाद म्हणून ‘एस्ता’ लक्षात ठेवा. जोर ‘ता’वर दिला तर ‘आहे’, ‘एस्’वर दिला तर ‘ही’.

२. इंग्रजी बाजूला ठेवा आणि ‘बसलाय’ म्हणा

सगळ्यात जास्त वेळ याच पायरीला द्या. इंग्रजीत बसलेल्या माणसाबद्दल बोलताना चालू क्रियेचं रूप वापरतात. त्याच साच्यात स्पॅनिश ओतलं की ‘एस्ता सेन्तान्दो’ तयार होतं, आणि त्याचा अर्थ होतो ‘तो (दुसऱ्या कुणाला तरी) बसवतोय’. ऐकणारा वाट बघत राहतो, कुणाला?

मराठीत आपण हे कधीच चुकत नाही. तीन वाक्यं शेजारी ठेवून बघा:

तो बसतोय (अजून टेकलेला नाही): से एस्ता सेन्तान्दो.
तो बसला (एका क्षणात घडलं): से सेन्तो. इथे जोर ‘तो’वर.
तो बसलाय, म्हणजे बसलेला आहे: एस्ता सेन्तादो.

‘बसलेला’ला ‘सेन्तादो’, ‘आहे’ला ‘एस्ता’. शब्दाला शब्द जुळतो. शिवाय बसलेला-बसलेली हा फरक आपल्या हाडात मुरलेला असल्यामुळे सेन्तादो, सेन्तादा, सेन्तादोस, सेन्तादास ही चार रूपं पाठ करावी लागत नाहीत. बाईने स्वतःबद्दल बोलताना ‘एस्तोय सेन्तादा’ म्हणायचं. नपुंसकलिंग नाही, म्हणून ‘बसलेलं मूल’ हे मुलगा की मुलगी ते ठरवून बोलावं लागतं. स्त्री-पुरुष एकत्र असतील तर सेन्तादोस.

इथे दोन खड्डे आहेत. स्पॅनिशमध्ये ‘आहे’साठी दोन क्रियापदं आहेत, सेर आणि एस्तार. शरीराच्या अवस्थेला नेहमी एस्तार. ‘एस सेन्तादो’ हे वाक्यच होत नाही. दुसरा खड्डा भूतकाळाचा: ‘तो खिडकीशी बसला होता’ यातल्या ‘होता’ला ‘एस्ताबा’ घ्या. ‘एस्तूबो’ तेव्हा, जेव्हा किती वेळ ते मोजून सांगायचं असतं: तासभर बसला होता आणि मग उठला.

‘दोन तास उभा आहे’ यासाठी मात्र एस्तार सोडून ‘येबार’ घ्यायचं. हे क्रियापद एरवी ‘नेणे, वागवणे’ या अर्थाचं: येबो दोस ओरास दे प्ये. रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडी हे वाक्य हमखास असतं.

३. उभा, आडवा, टेकलेला, वाकलेला: देशागणिक शब्द

उभा. सगळीकडे चालणारा शब्द ‘दे प्ये’. लॅटिन अमेरिकेत ‘पारादो’ जास्त कानावर पडेल. स्पेनमध्ये ‘पारादो’ म्हणजे थांबलेला किंवा बेकार. माद्रिदमध्ये ‘एस्तोय पारादो’ म्हणालात तर समोरचा तुमच्या नोकरीची चौकशी करेल. तसंच ‘पारार्से’: मेक्सिकोत उभं राहणं, स्पेनमध्ये थांबणं. म्हणून बोलताना दे प्ये वापरा, ऐकताना दोन्ही ओळखा.

‘प्ये’ म्हणजे पाऊल. त्याच्या आधीचं अक्षर बदललं की गाडी भलतीकडे जाते. दे प्ये म्हणजे उभ्याने, आ प्ये म्हणजे पायी. ‘बीने दे प्ये’ म्हणजे बसमध्ये जागा मिळाली नाही, उभ्याने आलो. ‘बीने आ प्ये’ म्हणजे चालत आलो. आणि ‘आल प्ये दे ला मोन्तान्या’ म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी. पाय आणि पायथा हे नातं त्यांच्याकडेही आहे.

आडवा. ‘आकोस्तादो’ सर्वत्र समजतं. स्पेनमध्ये ‘तुम्बादो’ रोजचं आहे. इथे आपली मराठीच आपल्याला पाडते. ‘झोपलाय’ हा एकच शब्द आपण आडव्या पडलेल्यालाही लावतो आणि झोप लागलेल्यालाही. दवाखान्यात ‘इथे झोपा’ सर्रास म्हणतात. स्पॅनिशमध्ये आडवा तो आकोस्तादो आणि झोप लागलेला तो दोर्मीदो. पाठ टेकून फोन बघणाऱ्याला दोर्मीदो म्हटलंत तर तो स्वतःच उत्तर देईल. डोक्यात ‘झोपलाय’ आलं की आधी विचारा: डोळे मिटलेत का?

टेकलेला. भिंतीला टेकून उभा असेल तर ‘आपोयादो एन ला पारेद’. मेक्सिकोत ‘रेकार्गादो’ म्हणतात. मागे रेलून अर्धवट आडवा असेल तर ‘रेकोस्तादो’.

वाकलेला. खाली पडलेलं उचलायला वाकतो तो ‘आगाचादो’. हा शब्द ऐसपैस आहे, कमरेत वाकणं आणि गुडघ्यात बसकण मारणं दोन्ही त्यात येतं. नुसतं पुढे झुकलेला तो इन्क्लिनादो. पोक काढून बसणारा एन्कोर्बादो, आणि आईचं ‘पोक काढू नकोस’ म्हणजे ‘नो ते एन्कोर्बेस’. ‘ताठ बस’ला मुलाला ‘स्येन्ताते देरेचो’, मुलीला ‘स्येन्ताते देरेचा’. ही ‘देरेचा’ ऐकून उजवीकडे सरकू नका. उजवीकडे म्हणजे ‘आ ला देरेचा’.

४. न बदलणारे तुकडे

काही अवस्थांना सेन्तादोसारखा शब्द नाही, तयार तुकडा आहे. एस्तारच्या पुढे तो जसाच्या तसा ठेवायचा. पुरुष असो, बाई असो, दहा माणसं असोत, काही बदलत नाही. वहीच्या तिसऱ्या रकान्यात ‘नाही’ लिहा. आधीचं दे, एन किंवा आ का आहे याचा शोध घेऊ नका, तुकडा अख्खा पाठ करा.

दे रोदीयास: गुडघे टेकून.
दे पुन्तीयास: टाचा उचलून, चवड्यांवर. मेक्सिकोत दे पुन्तीतास.
दे लादो: कुशीवर. दे कोस्तादो म्हटलं तरी तेच.
दे एस्पाल्दास: पाठमोरा.
एन कुक्लीयास: उकिडवा.
आ गातास: रांगत. गातो म्हणजे मांजर, त्यावरून.
आ ला पाता कोखा: लंगडी घालत. हे स्पेनमधलं.
बोका आर्रीबा: उताणा.
बोका आबाखो: पालथा.

शेवटच्या जोडीवर जरा थांबा. शब्दशः ‘तोंड वर’ आणि ‘तोंड खाली’. आपण पालथा माणूसही म्हणतो आणि पालथा पेलाही. तेही तसंच म्हणतात: ‘पोन एल बासो बोका आबाखो’, पेला पालथा घाल. पत्त्याचं पान उलटं ठेवायलाही हाच तुकडा.

‘दे एस्पाल्दास’ आणि ‘बोका आर्रीबा’ यांची गल्लत होते, कारण दोन्हीत पाठ येते. दाराकडे पाठ करून उभा असलेला तो ‘दे एस्पाल्दास आ ला प्वेर्ता’. पाठीवर आडवा पडलेला तो बोका आर्रीबा. पडताना मात्र ‘से कायो दे एस्पाल्दास’ म्हणजे पाठीवर आपटला.

कमरेवर हात म्हणजे ‘कोन लास मानोस एन ला सिन्तूरा’ किंवा ‘कोन लोस ब्रासोस एन खार्रास’. खार्रा म्हणजे कानाचा सुरई-जग. दोन्ही हात कमरेवर ठेवले की कोपरं त्या कानांसारखी दिसतात. विटेवरचा विठोबा डोळ्यांपुढे आणा, मग तुकडा विसरायची सोय नाही: एस्ता दे प्ये, कोन लोस ब्रासोस एन खार्रास.

मांडी घालून बसण्याला एक शब्द नाही. ‘कोन लास प्येर्नास क्रूसादास’ म्हणतात, पण खुर्चीवर पायावर पाय टाकून बसणंही तेच. म्हणून ‘एन एल स्वेलो’, जमिनीवर, हे जोडा. याच बसण्याला बऱ्याच ठिकाणी ‘कोमो इन्द्यो’ किंवा ‘आ लो इन्द्यो’ असंही म्हणतात. त्यातला इन्द्यो तुम्ही नव्हे, अमेरिकेतला मूळ रहिवासी. मनाला लावून घेऊ नका, पण स्वतः वापरू नका. तिकडे हा शब्द हिणवण्यासाठीही वापरला जातो.

५. हालचाल: ‘से’ची क्रियापदं

अवस्था झाली, आता तिच्यात जाणं. सेन्तार्से बसणं, लेबान्तार्से उठणं, आकोस्तार्से आडवं होणं, आगाचार्से वाकणं, आर्रोदियार्से गुडघे टेकणं, पोनेर्से दे प्ये उभं राहणं. शेवटचं ‘से’ म्हणजे स्वतःला. ते गळलं तर दुसऱ्याला होतं: सेन्तार म्हणजे बसवणं, आकोस्तार म्हणजे बाळाला निजवणं.

लेबान्तार्से आपल्या ‘उठणं’सारखंच दुहेरी आहे, खुर्चीवरूनही आणि अंथरुणातूनही. जाग येणं वेगळं, ते देस्पेर्तार्से.

आता मोठा सापळा. ‘मे स्येन्तो’ म्हणजे ‘मी बसतो’ आणि ‘मला वाटतं’ही, कारण सेन्तार्से आणि सेन्तीर्से या दोन वेगळ्या क्रियापदांचं ‘मी’चं रूप एकच आहे. ‘मे स्येन्तो आकी’, इथे बसतो. ‘मे स्येन्तो माल’, बरं वाटत नाही. पुढच्या शब्दावरून कळतं. ‘तो’च्या रूपात वाट फुटते: से स्येन्ता, बसतो, से स्येन्ते, त्याला वाटतं.

आणि एक सूचना कान देऊन ऐका. आकोस्तार्सेला ‘कोन अमुक’ जोडलं की अर्थ आडवं होण्यापुरता राहत नाही, शरीरसंबंधाचा होतो. मित्राच्या घरी मुक्काम केला हे सांगायला ‘मे केदे एन सु कासा’ म्हणा, त्याच्या घरी राहिलो. जोर ‘दे’वर.

६. हुकूम: डॉक्टरांपुढची सात वाक्यं

बस आणि बसा हा फरक स्पॅनिशमध्येही आहे. बस: स्येन्ताते. बसा: स्येन्तेसे. दोन्हींत जोर ‘स्येन्’वर. आर्जेंटिनात ‘बस’ला सेन्ताते म्हणतात, जोर ‘ता’वर. स्पेनमध्ये मित्रमंडळींना ‘बसा रे’ म्हणायला सेन्ताओस. नकार दिला की ‘ते’ आणि ‘से’ उडी मारून पुढे येतात: नो ते स्येन्तेस, नो से स्येन्ते. ‘नो स्येन्ताते’ चुकीचं.

तपासणीचा क्रम साधारण असा असतो:

तोमे आस्येन्तो. बसा.
सूबासे आ ला कामीया. टेबलावर चढा.
आक्वेस्तेसे बोका आर्रीबा. उताणे पडा. स्पेनमध्ये ‘तूम्बेसे’.
दोब्ले लास रोदीयास. गुडघे दुमडा.
देसे ला ब्वेल्ता. उलटे व्हा, वळा.
रेस्पीरे ओन्दो. दीर्घ श्वास घ्या.
या प्वेदे लेबान्तार्से. आता उठलात तरी चालेल.

पाचव्या वाक्यापाशी गोंधळ होतो. उभे असाल तर ते मागे वळा, आडवे असाल तर कूस बदला किंवा पालथे व्हा. कळलं नाही तर विचारा: ‘बोका आबाखो ओ दे लादो?’ पालथा की कुशीवर? एवढं विचारलं की काम झालं.

अवयवांपुढे ‘तुझा, माझा’ लावू नका. ‘हात वर कर’ म्हणताना आपण ‘तुझा हात’ म्हणत नाही, तेही म्हणत नाहीत: लेबान्ता ला मानो. ‘तु मानो’ ही पुन्हा इंग्रजीची कृपा. मानो ओकारान्त असूनही स्त्रीलिंगी आहे: ला मानो देरेचा, उजवा हात.

तुमच्या बाजूने लागणारी वाक्यं थोडी आहेत. मे द्वेले क्वान्दो मे आगाचो: वाकलं की दुखतं. नो प्वेदो एस्तार सेन्तादो मूचो रातो: फार वेळ बसवत नाही (बाईने सेन्तादा म्हणायचं). पायाला मुंग्या आल्या तर शोधाशोध नको. ओर्मीगा म्हणजे मुंगी, आणि मुंग्या येणं म्हणजे ओर्मिगेओ: ‘स्येन्तो उन ओर्मिगेओ एन ला प्येर्ना’. पाय बधिर झाला तर ‘से मे दुर्म्यो ला प्येर्ना’, पाय झोपला.

७. व्यायामशाळा आणि बोलीतले वळसे

बैठक हा शब्द बसण्यावरून आला, तसाच त्यांचा सेन्तादीया हा सेन्तारवरून. ‘बेइन्ते सेन्तादीयास’ म्हणजे वीस बैठका. जोर मारण्याला स्पेनमध्ये फ्लेक्स्योनेस, मेक्सिकोत लागार्तीखास, म्हणजे छोट्या पालींसारखे सरडे. जमिनीलगत वरखाली होणारा माणूस बघितला की नाव पटतं.

काही वाक्प्रचार अक्षरशः आपलेच वाटतात. ‘दार ला एस्पाल्दा’, पाठ फिरवणं. ‘आब्लार आ एस्पाल्दास दे आल्ग्येन’, कुणाच्या पाठीमागे बोलणं. ‘केदार्से दे ब्रासोस क्रूसादोस’, हातावर हात ठेवून बसणं. त्यांच्याकडे हाताची घडी असते एवढंच. नुसती घडी घातलेली सांगायची असेल तर ‘कोन लोस ब्रासोस क्रूसादोस’ म्हणा; ‘दे’ आलं की बरेचदा टोमणा येतो.

जुळत नाहीत ते दोन. दिवस वाईट गेला की आपण म्हणतो, आज कुणाचं तोंड बघून उठलो! ते म्हणतात डाव्या पायाने उठलो: ‘मे लेबान्ते कोन एल प्ये इस्क्येर्दो’. आणि ‘सीगे एन प्ये लो दे मान्याना?’ म्हणजे उद्याचं अजून उभं आहे का, म्हणजेच उद्याचं नक्की ना? हे स्पेनमध्ये फोनवर रोज कानावर पडतं.

८. सराव: आसनं आपली, भाषा त्यांची

रोज दहा मिनिटं पुरतात. खुर्चीवर बसा, ‘एस्तोय सेन्तादो’ किंवा ‘सेन्तादा’ म्हणा. उभे राहा, म्हणा. सतरंजीवर उताणे, कुशीवर, पालथे व्हा, प्रत्येक वेळी मोठ्याने म्हणा आणि रेकॉर्ड करा. ऐकताना दोनच गोष्टी तपासा: ट-ड शिरलाय का, आणि स्वतःचं लिंग बरोबर लावलंत का. दुसऱ्या आठवड्यात घरातल्या कुणाला तरी हुकूम सोडा, म्हणजे स्येन्ताते आणि नो ते स्येन्तेस तोंडात बसतील.

मग स्पॅनिशमधला एखादा योगवर्ग इंटरनेटवर लावा. यापेक्षा चांगलं साहित्य मराठी माणसाला मिळणार नाही, कारण अर्थ आधीच ठाऊक असतो. अधोमुख श्वानासन म्हणजे ‘पेर्रो बोका आबाखो’: अधोमुख म्हणजे बोका आबाखो, श्वान म्हणजे पेर्रो. वृक्षासन म्हणजे ‘पोस्तूरा देल आर्बोल’, पद्मासन ‘पोस्तूरा देल लोतो’, बालासन ‘पोस्तूरा देल निन्यो’. पहिल्यांदा पडदा बघून करा, दुसऱ्यांदा पडद्याकडे पाठ करून, दे एस्पाल्दास, फक्त ऐकून. जिथे अडाल तो शब्द वहीत जाईल.

शेवटी शवासन येतं, ‘पोस्तूरा देल कादाबेर’. शिक्षिका म्हणेल: बोका आर्रीबा, लास प्येर्नास सेपारादास, लास पाल्मास आस्या आर्रीबा. उताणे, पाय अलग, तळवे वर. एवढं पडदा न बघता जमलं की तसेच पडून राहा. ‘दोर्मीदो’ मात्र होऊ नका.